तीनशे सतराव्या नंबरची घडी

जपानहून आलेल्या मनगटी घडीचं मागचं झाकण कमरुद्दीनने उघडलं, सवयीने उलटं करून भिंगाखाली धरलं, आणि तो तसाच बसून राहिला. समोर पार्सलचं खोकं आवरणाऱ्या शाजियाच्या आधी लक्षात आलं नाही. बापाचा हात हवेतच थांबलाय आणि तोंड उघडं आहे, हे पाहून पोर घाबरली.

"क्या हुआ अब्बा? नकली है क्या?"

त्याने झाकण आणि भिंग दोन्ही तिच्या हातात दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक ओळ होती: क, ३१७, ९४. घडी आली ओसाकाहून आणि आत अक्षर देवनागरी. तेही कुणा परक्याचं नाही.

"ये तो आपका हाथ है," शाजिया म्हणाली.

घडीसाज ज्या घडीला हात लावतो तिच्या झाकणात आपली खूण, वहीतला नंबर आणि साल कोरून ठेवतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढे ज्या कारागिराच्या हाती घडी जाईल त्याच्यासाठी ती असते, की बाबा रे, तुझ्या आधी मी इथे येऊन गेलोय. चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळच्या या टीचभर दुकानात कमरुद्दीनने तीस वर्षांत अशा हजारो खुणा केल्या असतील. पण आपलीच खूण समुद्र ओलांडून पार्सलने परत येईल, हे त्याच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

चौऱ्याण्णवची वही माळ्यावर होती. शाजियाने ती काढून पान शोधलं. तीनशे सतरासमोर लिहिलं होतं: अन्नपूर्णा सिस्टर, एटापल्ली. लेडीज, काळी तबकडी, लाल सेकंदकाटा. साफसफाई, तेल.

कमरुद्दीनच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ही घडी मागवली होती तीच मुळी अन्नपूर्णाबाईंसाठी, आणि बाई आज दुपारच्या बसने ती न्यायला येणार होत्या.

एटापल्लीच्या दवाखान्यात जन्म काढलेल्या या नर्सबाई. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने, धनराजने, नागपूरहून त्यांना ती परदेशी घडी आणून दिली होती. तशी दुसरी कमरुद्दीनने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. नव्व्याण्णव साली ती हातातून पडली आणि बंद झाली. कमरुद्दीनने उघडून पाहिली आणि सांगून टाकलं, "गेली बाई. आता हिच्यात जीव नाई." कमरुद्दीनने घडी मेली म्हटलं की ती मेली, असा त्याचा गावात शब्द होता. मेलेली घरी नेऊन काय करू, म्हणत बाई घडी दुकानातच ठेवून गेल्या. आणि मग मेलेल्या घड्यांचं जे होतं तेच तिचं झालं. मुंबईचा नदीम वर्षातून दोनदा यायचा आणि बंद घड्या सुट्या भागांसाठी पिशवीत भरून घेऊन जायचा.

२००६च्या दिवाळीनंतर बाई पुन्हा आल्या. धनराज वारले होते. "तशीच दुसरी भेटन का जी, कमरुभाऊ?" एवढंच त्या म्हणाल्या.

कमरुद्दीनने ते मनावरच घेतलं. शाजियाला घेऊन तो सायबर कॅफेत जाऊन बसू लागला. ओसाका कुठे आणि चंद्रपूर कुठे, पण लिलाव आपल्यासमोर पडद्यावर चाललाय, हे पाहून तो चाटच पडला. काळ्या तबकडीच्या दोन घड्या मुंबईवाल्यांकडे सापडल्या. फोटो पाहूनच त्याने नाक मुरडलं. रंगवलेल्या तबकड्या, चार घड्यांची मिळून एक केलेली. मुंबईचा माल घ्यायचा नाही, असा त्याने कानाला खडा लावला. बाहेर देशातला माल मात्र अस्सलच असणार, असं त्याने मनाशी धरलं, आणि हा शहाणा तिथेच फसला.

मग जपानातल्या लिलावात ही दिसली. तिथे बोली लावायची तर तिथलाच एजंट धरावा लागतो. शाजियाने एजंटला पत्रांवर पत्रं लिहिली. आधी घडी तुमच्या ऑफिसात घ्या, उघडा, फोटो पाठवा, विमा उतरवा, मगच इकडे रवाना करा. शारजातल्या जिशानने, म्हणजे कमरुद्दीनच्या पुतण्याने, आपल्या कार्डावरून पैसे भरले. एवढी सगळी काळजी घेऊन कमरुद्दीनने तबकडीचा फोटो मागितला, मशीनचा मागितला, आणि झाकणाच्या आतला काही मागितला नाही. घडीसाज पडला ना. त्याच्या लेखी घडी म्हणजे मशीन, झाकणाला कोण विचारतं.

फोटोत न दिसलेले ब्रशचे फराटे आता भिंगाखाली तबकडीच्या कडेला स्पष्ट दिसत होते. मशीन त्याच कंपनीची, पण दुसऱ्या घडीची. बाईंची सतरा ज्वेलची, म्हणजे आत सतरा बारीक खडे बसवलेली होती, ही पंधराची. त्याच्याच दुकानातून गेलेली पिशवी मुंबईत फुटली होती, चार मुडद्यांतून एक घडी उभी केली होती, कुणीतरी ती बाहेर विकली होती, आणि आता ती इथे टेबलावर होती. तिच्यात बाईंचं एवढं झाकणच काय ते उरलं होतं.

"जाने दो अब्बा," शाजिया हळूच म्हणाली. "चलती तो है. उनको थोड़ी मालूम पड़ेगा."

खरंच होतं ते. बाईंना कुठे भिंग लावता येत होतं. कमरुद्दीनने झाकण बसवलं. मग काढलं. मग परत बसवलं.

दीडच्या सुमाराला बाई आल्या. पाणी प्यायल्या, घडी हातात घेतली, मनगटावर बांधली आणि बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. "अगदी तशीच हाय जी," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

कमरुद्दीनला ते पाहवेना. "उतरवा बाई ते," तो म्हणाला.

"काऊन?"

बाईंनी घडी काढून दिली तसं त्याने झाकण उघडून दाखवलं, वही दाखवली, सगळं सांगितलं. रंगवलेली तबकडी, परकी मशीन. "मी फसलो, बाई. याचे पैसे मी घेत नाई. तुमचं यात हे झाकण तेवढं हाय."

बाईंनी झाकण उजेडाकडे धरलं. "माह्या घडीचं," त्या म्हणाल्या. "इतकं फिरून आलं." मग एकदम म्हणाल्या, "घडी मेली हे मी आमच्या ह्याइले कधी सांगतलंच नाई, कमरुभाऊ. त्याहिनं हौसेनं आणली होती ना. ते विचारत, घडी झाली का वो. मी म्हणो, कमरुभाऊकडे हाय, दुरुस्त होऊन राह्यली. जायच्या आदल्या दिशी पण विचारलं. शेवटपर्यंत मी त्याहिले खोटंच सांगत राह्यली."

इथे कमरुद्दीन गप्प बसला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण पोटातलं बाहेर आलं.

"मेली नोती बाई."

"काय म्हणता?"

"बॅलन्सच्या चाकाचा बारका दांडा तेवढा तुटला होता. नागपुरात भेटला नाई. मुंबईले चिठ्ठी टाकली असती तर महिन्यात आला असता. पण ईद तोंडावर होती, कामाचा ढीग होता. मले कंटाळा आला, म्हटलं गेली. पुढच्या खेपेले नदीम आला तर सांगे, ते काळी लेडीज एका दिवसात चालू झाली म्हणून. इथीच बसून चहा पित सांगतलं त्यानं. मी हासलो." त्याने भिंग खाली ठेवलं. "तुमची मशीन आता कोनाच्या हातात चालून राह्यली, मले नाई मालूम."

शाजिया बापाकडे बघतच राहिली. हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

आता बाई बोलतील, शिव्या घालतील, निदान रडतील, असं कमरुद्दीनला वाटलं. बोलल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. बाईंनी वही पुढे ओढली आणि तीनशे सतरासमोरच्या ओळीवरून बोट फिरवलं. 

"म्हणजे दुरुस्त होतच होती," शेवटी त्या म्हणाल्या. "मी खोटं नोती बोलली त्याहिले."



बाईंनी झाकण उचललं. अंगठ्याने बाहेरची गुळगुळीत बाजू चाचपली. "हेच बाजू मनगटाले लागून राहे ना?"

"हो."

त्यांनी झाकण पदराच्या टोकाला ठेवलं, गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. मग पायरी उतरून, उन्हात, एटापल्लीच्या बसला निघून गेल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

टेबलावर बिनझाकणाची घडी चालू होती. कोळशाची धूळ उडणाऱ्या या गावात उघडी मशीन दोन मिनिटंसुद्धा तशी ठेवायची नसते, धूळ शिरली की ती बंद पडते. शाजियाने झाकायला काचेची वाटी उचलली.

"राहू दे," कमरुद्दीन म्हणाला.