मागणी: निरंक

मी ब्रेल मतपत्रिका बोलतेय. जाड पांढरा कागद आणि त्यावर उठावाचे ठिपके, एवढंच माझं शरीर. मशीनवरचा कोणता क्रमांक कुणाचा, हे ज्याला डोळे नाहीत त्याला बोटानं वाचता यावं म्हणून माझा जन्म. ते काम मी एकदाही केलं नाही. त्यात माझी चूक नव्हती, हे आधीच सांगते.

छापखान्यात मला अक्षरशः ठोकून काढलं. पाठीत टोचल्याशिवाय एक ठिपका उठत नाही. मग अंधशाळेतल्या एका शिक्षकांनी माझ्यावरून बोटं फिरवली. नाव, पक्ष, क्रमांक. ‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. मला वाचणारा तो पहिला माणूस आणि शेवटचाही.

पाकिटात बंद होऊन मी रेणापूर तालुक्यातल्या एका गावी गेले. जिल्हा परिषदेची शाळा, दुसरीचा वर्ग. केंद्राध्यक्ष होते रविकांत सर, हायस्कूलचे गणिताचे शिक्षक. साहित्याच्या यादीत माझ्यापुढे लिहिलं होतं, ‘परत करावयाचे.’ सरांनी यादी तीनदा ताडून पाहिली आणि मला पिशवीच्या तळाशी ठेवलं. सामान जसं मिळालं तसं जमा करायचं, नाहीतर नोटीस येते. वीस वर्षांच्या निवडणूक ड्युटीत सर एवढंच शिकले होते.

पाकिटात अंधार असतो. पुढचं सगळं मी फक्त ऐकलं.

सकाळी काठीची टकटक आली. शिवगंगा, वय बासष्ट. लहानपणी देवीत डोळे गेले, पण लातूरच्या अंधशाळेत सातवीपर्यंत शिकली. सोबत भाचा संगमेश. आधी भाऊ, मग भाचा. चाळीस वर्षं तिचं मत दुसऱ्याच्याच बोटानं पडत आलं होतं.

‘सर, ठिपक्याचा कागद आलाय म्हणं. द्या की.’

‘मावशी, भाचा आलाय ना सोबत? तो दाबतो.’

‘त्यो दर खेपंला येतोय. मला वाचाया येतंय. माझं बोट हाय की!’

रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘शिवगंगाक्का वाचाया लागली रे! डोळंवाल्यांनो, शिका जरा!’ लोक हसले.

तिला माझ्याबद्दल सांगितलं होतं अंगणवाडीच्या बिलकीसनं. मतदार यादीचं कामही तिच्याकडेच. ती दारातून म्हणाली, ‘सर, पाकिटात हाय तो कागद. मी घरी जाऊन सांगून आले मावशीला. फोडा ना.’

‘मॅडम, ते बंद पाकीट आहे. फोडलेलं परत घेतलं नाही तर सही तुम्ही करणार का? रांग बघा किती आहे.’

सरांचा आवाज दुष्ट नव्हता. घाबरलेला होता. फरक शिवगंगाला काय पडणार?

संगमेशनं प्रतिज्ञापत्रावर सही केली: मतदाराचं मत मी गुप्त ठेवीन. शिवगंगा जागची हलली नाही. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘संगमेशा, बाईला दाब. एकच बाई उभी हाय, तिलाच.’ खोली साक्षीला राहील, एवढाच आधार तिच्याजवळ उरला होता.

‘हाव, आत्या.’

मशीनचा लांबलचक बीप वाजला.

‘मी बटणापशी हात लावून बघितला,’ ती परत येताना म्हणाली. ‘सात होता. सात नंबर बाईचाच ना रे?’

‘हाव म्हणलं की! चल, लोक थांबलेत.’

खिडकीपाशी बसलेला एका उमेदवाराचा एजंट हळूच म्हणाला, ‘भले, संगमेश.’

मशीनवर ब्रेलमध्ये आकडे असतात, नावं नसतात. नावं माझ्यावर. ती बाई तीन नंबरला होती. मी दोन हातांवर पडले होते आणि मला ओरडता येत नव्हतं.

‘सर, सात नंबर कुणाचा?’ शिवगंगानं विचारलं.

‘मावशी, मला सांगता येत नाही. मतदान गुप्त असतं.’

दारावर उमेदवारांची यादी चिकटवलेली होती. बिलकीस ती पुटपुटत वाचू लागली आणि तिसऱ्या नावापाशीच थांबली. मग म्हणाली, ‘मावशी, घरला चला.’ त्या थांबण्यातूनच शिवगंगाला कळलं.

‘संगमेशा, तू हो पुढं,’ ती म्हणाली. ‘मला येतंय एकटीला.’

काठीची टकटक लांब गेली.

संध्याकाळी सरांनी अहवाल भरला. ब्रेल मतपत्रिका उपलब्ध: होय. मागणी: निरंक. जमा करून घेणारा कारकून पाकीट उलटंपालटं करून म्हणाला, ‘वा सर, इतकं नीट सामान कुणी आणत नाही!’

आता मी गोदामातल्या एका गठ्ठ्यात आहे, पुढे रद्दीत जाईन. त्याचं मला काही नाही. पुढच्या निवडणुकीला माझ्यासारखी दुसरी येईल. तुम्ही रांगेत उभे असाल तेव्हा हसू नका, मोठ्यानं विचारा: ते पाकीट फोडलं का? तिला बाहेर काढा. बोटांनी मळवा, चुरगाळा, झिजवा.

माझा एकही ठिपका झिजलेला नाही. लाज वाटायची असेल तर ती तुम्हाला वाटू द्या.