आतून टेकणारा हात

मी बोलतोय तो भर रस्त्यातून. दचकू नका. तुर्कस्तानातल्या कायसेरी शहरात ट्राम जिथे वळते, तिथे रस्त्याच्या मधोमध गवताच्या तुकड्यावर एक दगडी इमारत दिसेल, टोकदार टोपी घातलेली. तोच मी. सात-आठशे वर्षांपूर्वीच्या सेल्जुक सुलतानांच्या काळातला मकबरा. एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला खारवलेल्या मांसाचं दुकान. तिथल्या मेथी-लसणाच्या वासाने मला दगडालासुद्धा शिंक येईल. मोटारवाले मला वळसा घालताना शिव्या घालतात, जसा काही मीच त्यांच्या वाटेत येऊन बसलोय! अरे, मी इथे उभा राहिलो तेव्हा तुमचा रस्ता कुठे होता?

एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मला माझ्याच तळघराची भीती वाटते.

आमच्यासारख्या मकबऱ्यांना दोन मजले असतात. वरच्या खोलीत हिरव्या चादरीची कबर दिसते, ती पोकळ. नुसती दाखवायची. खरं माणूस खाली, अंधारात. लोक वरच्या पोकळ कबरीपुढे हात पसरून दुआ मागतात आणि पाठ न दाखवता उलट्या पावलांनी बाहेर पडतात. मला हसू येतं. मग खालची आठवण होते आणि हसू विरतं.

मला बांधून घेतलं एका खातूनने, म्हणजे बड्या घरच्या बाईने. तिचा मुलगा मंगोलांशी लढायला गेला, तो परत आला नाही. प्रेतही आलं नाही. नातेवाईक म्हणाले, निदान नावाची कबर तरी कर. तिने मला बांधून घेतलं, पण मुलगा मेला हे काही मानलं नाही. दर गुरुवारी ती तळघरात उतरायची, एक खडा भिंतीवर दाबून धरायची आणि म्हणायची, "हात काढल्यावर टिकला तर माझं लेकरू जिवंत आहे." टिकेपर्यंत दाबायची. तळहात सोलवटून निघायचा. ती गेली तेव्हा मुलासाठी राखून ठेवलेल्या जागेत तिलाच ठेवलं.

तेव्हापासून खाली शांतता नाही. बाहेरून कोणी आईने भिंतीवर खडा दाबला, की आतून, माझ्या दगडाच्या अंगातून, एक तळहात येऊन नेमका त्याच जागी टेकतो. गारढोण. आणि खडा टिकतो.

लोकांना यातलं काय ठाऊक! त्यांनी मला 'बाबा' करून टाकलं. म्हणाले, इथे कोणी सिद्धपुरुष झोपलाय, त्याला सगळं दिसतं. खडा टिकला की इच्छा पुरी. मध्ये संशोधक मंडळींनी तळघर उघडलं आणि सांगितलं, अहो, ही हाडं बाईची आहेत. लोक म्हणाले, तुम्हाला काय कळतंय!

तर आता सानियेबाईची गोष्ट. समोरच्या मांसाच्या दुकानदाराची, नेजातीची, थोरली बहीण. तिचा एकुलता एक इल्हान हिवाळ्यात एरजियेस डोंगरावर चढायला गेला आणि बर्फात गडप झाला. ती दर गुरुवारी सुनेला, बेरिनला, घेऊन यायची आणि खडा दाबायची. टिकणारच! उन्हाळ्यात बर्फ वितळलं, इल्हानचं प्रेत सापडलं. तोच आहे अशी डॉक्टरांनी खात्री दिली, दफन झालं. सानिये दफनाला गेलीच नाही. तिचा खडा टिकत होता ना!

"ताई, मी स्वतः त्याला खांदा दिला गं," नेजाती एकदा माझ्या भिंतीपाशी कळवळून म्हणाला.

"दिला असशील कुणालातरी. हा बघ, टिकला! बेरिन, घरी चल. त्याचा निळा शर्ट इस्त्री करून ठेव."

"या दगडाला अक्कल असती तर रस्त्याच्या मधोमध बसला असता का?" नेजाती चिडून म्हणाला. मी ऐकून घेतलं. दुःखात माणूस काहीही बोलतं.

बेरिनचे हाल तर वेगळेच. रोज रात्रीच्या जेवणाला इल्हानचं ताट मांडायचं, त्याचे शर्ट इस्त्री करायचे, आणि डोळ्यांत पाणी आलं की सासू ओरडणार, "जिवंत नवऱ्यासाठी रडतेस? अपशकुनी कुठली!" पोरीला नवरा गेल्याचं रडणंसुद्धा नशिबी नव्हतं.

आमच्याकडे घरात कोणी गेलं की रव्याचा हलवा भाजतात. तो वास मेलेल्यापर्यंत पोचतो म्हणे. घरातल्या प्रत्येकाने आळीपाळीने चमचा हातात घेऊन ढवळायचं. चमचा घेतला, म्हणजे मरण मानलं. सानियेच्या घरात हलवा भाजलाच नव्हता.

एका गुरुवारी दुपारी बेरिन एकटीच आधी आली. हातात छोटा गॅस, कढई, रवा, लोणी. माझ्या तळघराच्या जाळीपाशी तिने चूल मांडली.

"अगं बाई, भर रस्त्यात स्वयंपाक!" नेजाती दुकानातून धावत आला. "पोलीस उचलून नेतील!"

"नेऊ द्या, मामा. आधी रवा भाजू द्या."

मग ती जाळीला तोंड लावून हळूच बोलली. माझे दगड शहारले. आजवर खालच्या खातूनशी असं कोणी बोललं नव्हतं. "बाई, तुम्ही बाबा नाही, मला कळलंय. आयांचेच खडे टिकतात, म्हणजे तुम्ही कुणाचीतरी आई आहात. कुठल्याच आईला 'नाही' म्हणवत नाही तुम्हाला. पण आता सोडा हो. मला रडायचंय. तुमच्याही माणसासाठी भाजते, कोणी गेलं असेल तर."

खातूनच्या मुलासाठी कोणी कधी हलवा भाजला नव्हता. तिने चूलच पेटू दिली नव्हती.

रवा तांबूस होऊ लागला. वास जाळीतून खाली उतरला. आणि खालची ती कायमची चुळबुळ थांबली. इतकी शांतता, की मला धडकी भरली.

तेवढ्यात सानिये आली. "विझव ते! माझ्या जित्या पोराचा हलवा भाजतेस, कैदाशिणी!" तिने खडा उचलला आणि भिंतीवर दाबला. मी वाट पाहिली. आतून हात आला नाही.

खडा पडला.

तिने दुसरा दाबला. पडला. तिसरा दोन्ही हातांनी दाबला, कपाळ टेकवून दाबला. मग माझ्या भिंतीवरचे इतर आयांचे जुने खडेही एकेक करून गळू लागले. खालून एक लांब श्वास आला, डोक्यावरचं ओझं उतरवताना बायका सोडतात तसा. तो तिघांनीही ऐकला. नेजातीने मागे सरून दुआ पुटपुटली.

सानिये तिथेच खाली बसली. मग तिने सुनेच्या हातातून चमचा घेतला.

"गॅस कमी कर गं," ती म्हणाली. "करपतोय."

बेरिन तेव्हा रडली. हंबरडा फोडून रडली. सानियेने एका हाताने तिला जवळ धरलं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहिली.

आता खाली कोणी नाही. हाडं आहेत, पण बाई गेली. मला पहिल्यांदाच माझ्या तळघराची भीती वाटत नाही. खडे टिकत नाहीत म्हणून लोक म्हणतात, बाबांची ताकद संपली. म्हणू देत बापडे. माझं एवढंच मागणं आहे: या, सावलीत बसा, दुआ मागा, पण तुमचं माणूस जिवंत आहे का, हे मला विचारू नका. मी दगड आहे. मला काही माहीत नाही.

हे सगळं मी अगदी ठरवून टाकलं होतं. काल एक बाई आली. पिशवीतून एका लहान मुलीचा फोटो काढून छातीशी धरला, दुसऱ्या हाताने माझ्या भिंतीवर खडा दाबला. तोंडाने काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

खाली कोणी नव्हतं, शपथेवर सांगतो. पण तिने हात काढला, आणि खडा पडू देणं मला जमलं नाही.