हरणाऱ्यासाठीचा परिच्छेद

"या गृहस्थाला भलतीच घाई होती बघ," म्हणत आप्पांनी ते निकालपत्र माझ्या टेबलावर टाकलं. "दीड पानात उरकलंय. चूल पेटवलीय, वर भांडंच नाही. कारणांना शून्य दिलंय मी."

"शून्य? आप्पा, तुम्ही तर कुणालाच शून्य देत नाही."

"मिळवायलाही अक्कल लागते," आप्पा म्हणाले आणि चष्मा पुसत आपल्या खुर्चीकडे गेले.

आप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त न्यायाधीश. मी कायद्याच्या कॉलेजात शिकवते, पण माझं काम धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. वकील मंडळी म्हणतात, "न्याय काय तागडीत तोलायचा असतो?" आकडेवाले म्हणतात, "या, वकीलबाई." आणि मावशी अजून लोकांना सांगते, पोरगी कोर्टात टायपिस्ट आहे. काम मात्र सोपं आहे. हजारो निकाल गोळा करायचे, एकेक वाचायचा, कोण जिंकलं, सरकार की माणूस, ते नोंदवायचं आणि कारणं किती भक्कम आहेत त्याला गुण द्यायचे. मग आलेखावर प्रत्येक न्यायाधीशाचा एक ठिपका मांडून बघायचं, की निवृत्ती जवळ आली की न्यायाधीश सरकारकडे झुकतात का. निवृत्तीनंतरच्या समित्या, आयोग, गाडी-बंगला सगळं सरकारच्याच हातात असतं ना! अशा प्रश्नानं कोर्टातली किती माणसं दुखावतात, ते विचारू नका. दोन जणांनी मला एका लग्नात ओळख दाखवली नाही.

आई गेल्यावर आप्पा घरात नुसते बसून असायचे. वर्तमानपत्र वाचायचे, घडी घालायचे, पुन्हा उघडायचे. म्हणून मी त्यांना निकाल वाचायला बोलावलं. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं माझं. इस्त्रीचा शर्ट घालून शिपायाच्याही आधी हजर! विद्यार्थिनी त्यांना मागून 'माय लॉर्ड' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

वाचणाऱ्याला न्यायाधीश कोण, तारीख कुठली, ते कळू द्यायचं नाही, हा आमचा नियम. नावं, तारखा काळ्या केलेल्या असतात. दुसरा नियम, कागदावर लिहिलंय तेवढंच मोजायचं. निकाल देणाऱ्याच्या मनात काय असेल त्याचा अंदाज करायचा नाही. हे दोन्ही नियम पहिल्या दिवशी ऐकून आप्पा खूश झाले होते. "तुझ्या त्या आलेखात माझाही ठिपका असेल ना?" त्यांनी विचारलं होतं. "कुठला ते सांगू नकोस. पण झुकलेल्यांत नाही, एवढं मला माहितीये."

मलाही तसंच वाटत होतं. त्यांनी निवृत्तीनंतर एकही पद घेतलं नाही, दारात आलेली दोन परत पाठवली. तरी मी त्यांच्या निकालांना हात लावत नव्हते. ते इतरांकडून वाचून घेतले होते. आणि त्यांचाच निकाल त्यांच्याकडे वाचायला जाऊ नये म्हणून संगणकाला तशी सूचना देऊन ठेवली होती.

दुपारी मी ते शून्य नोंदवायला बसले आणि नावं असलेली मूळ प्रत उघडली. निकाल दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाचा होता. आमच्या तक्त्यात फक्त ज्येष्ठाचं नाव येतं आणि माझी सूचना तेवढंच नाव तपासत होती. लिहिणारा होता दुसरा. आप्पा!

पाणीपुरवठा खात्यातले पंप चालवणारे. वर्षानुवर्षं हंगामी ठेवलेले, आम्हाला कायम करा म्हणून कोर्टात आलेले. अर्ज फेटाळला होता. तारीख पाहिली, आप्पांची निवृत्ती तोंडावर आलेली. त्या महिन्यात आई दवाखान्यात होती. आप्पा तिच्या पलंगाशी लाकडी खुर्चीवर बसून मांडीवर निकाल लिहायचे. ती कण्हली की पेन खाली ठेवायचे.

मला रडूच आलं. मग ठरवलं, आप्पांना सांगायचंच नाही. स्वतःच्या खटल्यात कुणी न्यायाधीश होत नसतो, म्हणजे त्यांचे गुण नाहीतरी रद्दच. गुपचूप रद्द करायचे, कागद दुसऱ्या दोघांना द्यायचा. कशाला या वयात त्यांच्या जिवाला घोर!

पण दुसऱ्या दिवशी ते आले आणि पिशवीही खाली न ठेवता म्हणाले, "कालचा तो पंपवाल्यांचा. माझाच होता ना?"

मी मान डोलावली.

"दाढी करताना आठवलं. काल ओळखलाच नाही, कारण त्यात तो परिच्छेद नव्हता."

कुठला परिच्छेद, ते मला विचारावं लागलं नाही. निकालाच्या शेवटी आप्पा नेहमी हरणाऱ्यासाठी एक परिच्छेद लिहीत, साध्या भाषेत. तुमचं म्हणणं ऐकलं, तरी अमुक कारणानं मान्य करता येत नाही. जिंकणाऱ्याला कारण लागत नाही, हरणाऱ्याला लागतं, असं म्हणायचे. लहानपणी मला सहलीला पाठवलं नाही, तेव्हासुद्धा शेजारी बसवून तीन कारणं सांगितली होती. चौथं मी मागितलं, तर तेही दिलं.

"आप्पा, आई होती तेव्हा दवाखान्यात."

"होती."

"मी तशी तळटीप देते. नाहीतर हा एक निकाल बाजूला ठेवते. कुणी काही म्हणणार नाही."

आप्पांनी पिशवी खाली ठेवली. "कागदावर नाही ते मोजायचं नाही. नियम कुणाचा?"

"माझा. पण मला माहितीये ना, तुम्ही पदासाठी नाही केलंत ते!"

"मग बाकीच्यांच्या घरी कुणी आजारी नव्हतं, हे कशावरून?"

इतकी वर्षं झुकलेल्या ठिपक्यांकडे बघून मी वर्गात हशा पिकवत आलेय. एकाच्याही घरात डोकावावं असं कधी मनात आलं नव्हतं.

"माझे गुण रद्द कर," आप्पा म्हणाले. "आणि दुसऱ्या दोघांना वाचायला दे. कुणाचाय ते सांगू नकोस."

तसंच केलं. दोन विद्यार्थिनींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचला. आठवड्यानं गुण आले, तेव्हा आप्पा खिडकीशी चहा पीत होते.

"काय लागला निकाल?"

"शून्य."

"दोघींचं?"

"हो, आप्पा."

"मग माझ्या ठिपक्यात धर तो. झुकू दे झुकला तर." त्यांनी कप बशीत ठेवला. "मला एक कोरा कागद दे बरं."

कागद घेऊन ते खुर्चीत बसले. वर काय लिहिलं ते मला दिसलं, 'पंपचालक अर्जदारांसाठी'. मी तासाला गेले. परत आले तर ते तसेच बसलेले, पेन हातात, कागदावर आणखी एक ओळ. तुमचं म्हणणं ऐकलं, एवढीच.

"काय झालं, आप्पा?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ते का हरले, ते लिहायला बसलोय," ते म्हणाले. "कारणच सापडत नाहीये गं."