चूक जिथे, दुरुस्ती तिथेच

मी जिन्याखालचा फळा बोलतोय. जाता जाता दोन मिनिटं थांबलात तर बरं होईल, कारण चार-पाच दिवसांपासून मला चैन नाही.

जन्माने मी फणसाच्या लाकडाचा दरवाजा. बांगलादेशातल्या राजशाही शहरातल्या या कॉलेजात पत्रकारितेचा वर्ग निघाला तेव्हा सुताराने मला आडवा केला, वर हिरवं कापड ताणलं. तेव्हापासून दर गुरुवारी पोरं आपलं भित्तिपत्र माझ्यावर टाचतात. बावीस वर्षं टोचून घेतोय, त्याची तक्रार नाही.

शाहेदा आपा वर्गात जे शिकवतात, ते मलाही पाठ झालंय. बातमी निदान दोघांकडून कळलेली हवी. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याला आधी विचारायचं. आणि चुकलंच, तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, स्वतःच्या नावासकट.

दुसऱ्या वर्षाची नुसैबा हुशार, पण भारी घाईची. तिने लिहिलं, की फाटकापाशी बटाट्याचे चॉप तळणारा मोखलेस कुजके बटाटे वापरतो. दोघांनी नव्हे, तिघांनी सांगितलं होतं. मोखलेसला मात्र तिने विचारलं नाही. रोज त्याच्याकडेच खायचं, मग तोंडावर कसं विचारणार? माझ्यापुढे वाचणाऱ्यांच्या तीन रांगा लागल्या, आणि संध्याकाळी प्राचार्यांनी ठेला उठवला.

पुढच्या बुधवारी उलगडा झाला. तिघांनीही ते एकाच मुलाकडून ऐकलं होतं, आणि त्याने पाहिलेलं पोतं मोखलेसने फेकण्यासाठी बाजूला काढलेलं होतं.

नुसैबा माझ्यासमोरच आपांना गाठून म्हणाली, "आपा, दुरुस्ती पुढच्या गुरुवारी लावू? उद्या ढाक्याचे संपादक त्यांच्या वर्तमानपत्रात शिकाऊ उमेदवारीसाठी मुलं निवडायला येतायत. फळाच बघणार आहेत ते."

"लाव की," आपा म्हणाल्या. "फक्त मोखलेसला सांगून ये, आणखी आठ दिवस चूल पेटवू नकोस म्हणून."

ती गेली खरी, पण ते सांगायला तिची जीभ रेटली नसावी. गुरुवारी सकाळी ती त्यालाच घेऊन आली. त्याला वाचता येत नाही, म्हणून टाचण्याआधी तिने दुरुस्ती वाचून दाखवली. शेवटी स्वतःचं नावही वाचलं. मला तिचा राग होता, तो तिथे थोडा उतरला.

मोखलेसने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरी, त्या दिवशी ज्यांनी वाचलं, ते सगळे हेही वाचतील ना?"

तिने कागद माझ्यावर टाचला, आधीची बातमी होती त्याच जागी.

संपादकांनी दुरुस्ती वाचली आणि दुसऱ्याच कुणाला निवडलं. ठेल्याचं विचारलं की प्राचार्य म्हणतात, बघू. नुसैबा रोज येऊन जिन्यावर बसते, कोण थांबतं ते बघत. आजवर सात जण थांबलेत.

तुम्ही ती बातमी वाचली होतीत. त्या गर्दीत मी तुम्हाला पाहिलंय. मग एवढंही वाचून जा, आणि वर जाऊन प्राचार्यांना सांगा, दुरुस्तीही वाचली म्हणून.