यंदाचं वर्ष लंकाबाईचं

सावडीच्या बायकांची यंदाची सहल वायनरीत जाणार, असं लंकाबाईनं जाहीर केलं आणि कुसाबाईंच्या हातातला चहा कपातून बशीत आणि बशीतून लुगड्यावर सांडला. खरं सांगायचं तर त्याआधी अर्धं मिनिट लंकाबाईच्या मनात वायनरी नव्हतीच. चारचौघींसारखा तिच्याही मनात वणीचा गडच होता. पण माणसाला डिवचलं की माणूस काय बोलून बसेल याचा नेम नसतो, आणि लंकाबाईला तर त्या दिवशी चांगलंच डिवचलं होतं.

दिंडोरीकडच्या त्या गावात द्राक्षाच्या कामाला बायका सावडीनं जात. आज हिच्या मळ्यात, उद्या तिच्या. मांडवाखाली उभं राहून घडाची विरळणी करायची, मग एकेक घड औषधाच्या मगात बुडवून डिपिंग करायचं. संध्याकाळी मान खाली येत नसे. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, कामाची फेड कामानं. हंगाम सरला की वेली खरडून छाटायच्या, त्या खरड छाटणीच्या आधी ह्याच बायका एका जीपमध्ये कोंबून सहलीला निघत. दरसाल एकीचं वर्ष असे. जिचं वर्ष, ठिकाण तिनं ठरवायचं आणि सगळ्यांना पंगत तिनं घालायची. लग्नात आहेर नाही मिळाला तरी बाई विसरून जाईल, पण हा मान कुणी विसरत नसे.

यंदाचं वर्ष लंकाबाईचं होतं. पण तीन वर्षांपूर्वी तिनं खायच्या द्राक्षाचा बाग उपटून वाइनच्या द्राक्षाचा लावला होता. नाशकात तेव्हा वायनऱ्यांचं पेव फुटलेलं, दोन हजार सालानंतरचे ते दिवस. वाइनचं द्राक्ष बारीक, काळं, कुणी पाटीत घेऊन मिरवावं असं नाही. त्याला विरळणी नाही की डिपिंग नाही. यंदा पहिलं पीक निघालं, वायनरीच्या गाडीत भरून गेलं, आणि गावानं तिला लगेच नाव ठेवलं, ‘दारूवाली’.

कुसाबाई तिची थोरली जाऊ. सावडीतल्या वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. आपल्या ओट्यावर सगळ्यांना जमवून त्या गोड आवाजात म्हणाल्या होत्या, “यंदाचं वर्ष सरिताला देऊ. लंकीच्या मळ्यात आता आपलं कामच राहिलं नाय. सावड नाय तर मान कशाचा? आन् दारूच्या द्राक्षाच्या पैशातलं जेवण, उगं कुणाच्या पोटात गडबड नको.”

 सरिता पदराचं टोक चावत बसलेली. लंकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या मळ्यात काम नव्हतं, हे खरं. पण ती स्वतः यंदा प्रत्येकीच्या मळ्यात राबली होती, फेडीची आशा न धरता. कुसाबाईंच्या बागेत तर सगळ्यांत जास्त. घरी बसली असती तर कुणी बोललं नसतं; गेली, राबली, आणि आता तिलाच बाजूला काढणार? एकदा वर्ष वगळलं की पुढं हळदीकुंकवालाही वगळतील, मग मयतीलाच काय ते बोलावतील. हे तिला लख्ख दिसलं.

“आक्का,” ती उठून उभी राहिली, “माझं वर्ष माझंच हाय. आन् आपण वायनरीत जायचं. गंगापूर धरणाकडं. माझा माल जिथं जातो तिथं. जेवण बी तिथल्याच हाटेलात.”

तेव्हा तो चहा सांडला.

तोंडातून गेलं ते गेलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला, सहादूला, सांगितलं. सहादू गरीब गाय. बायकोनं बाग उपटला तेव्हाही तो नुसता “बघ बाई” म्हणाला होता. आताही तेच म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली. दोघं वायनरीत गेले. तिथं पाहुण्यांची बडदास्त ठेवणारा हर्षल नावाचा नाशकातला मुलगा होता. द्राक्ष घालणाऱ्या शेतकऱ्याच्या घरची बाई सहलीचं बुकिंग करायला आली, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होतं. पण मुलगा गुणी. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बेत मांडला: सकाळी टाक्या आणि मशीन बघायची, मग वरच्या गच्चीत वाइनची चव घ्यायची, तिथंच जेवण. दुपारी धरणापलीकडची दुसरी वायनरी. येताना नाशकात कॉलेज रोडला थाळी.

“जेवणात काय काय असतं?” लंकाबाईनं विचारलं.

“पिझ्झा, पास्ता, मशरूम. पनीरही आहे, काकू. आणि सोमवारी या. गर्दी नसते, तुमच्याकडे नीट लक्ष देता येईल.”

सोमवार ठरला. गावात ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. पुढचे आठ-दहा दिवस लंकाबाई एका घरातून दुसऱ्या घरात प्रचाराला निघाल्यासारखी फिरत होती. मशरूम म्हणजे अळंबी, हे कळल्यावर दोघींनी नाकं मुरडली. “ती उकिरड्यावर येत्यात!” एकीनं विचारलं, वाइन काचेच्या गिलासात दिली अन् नुसता वास घेतला तर चालेल का. एकीच्या सासूनं लंकाबाईला दारातूनच परत पाठवलं. कुणी म्हणालं, दोन-दोन वायनऱ्या कशाला? लंकाबाई म्हणाली, “गडावर गेल्यावर समोरच्या मार्कंड्या डोंगराला हात जोडत नाय का? तसंच.” प्यायचं कुणालाच बंधन नव्हतं, ते ती प्रत्येकीला पहिल्या वाक्यात सांगत होती. तिला वाइनचं काडीचं पडलेलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की ह्या बायकांनी तिच्या पंगतीला बसावं.

सगळ्यांत नवल म्हणजे कुसाबाईंनी नाही म्हटलं नाही. “येईन की,” त्या म्हणाल्या. “तुझं वर्ष, तुझी मर्जी.” लंकाबाईला तेव्हाच शंका यायला हवी होती. इतक्या सरळपणे आक्कांनी आजवर कुणाला मीठसुद्धा दिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी नाथाची जीप पारापाशी उभी राहिली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, पावडर लावून आल्या. दोघी-तिघी सोडल्या तर सगळ्या. लंकाबाईचा ऊर भरून आला. सगळ्या बसल्या, नाथानं चावी फिरवली, आणि पुढच्या सीटवरून कुसाबाई अगदी सहज म्हणाल्या, “आज एकादशी हाय, म्हाईत हाय ना गं सगळ्यांना?”

 काखेत कळसा अन् गावाला वळसा! लंकाबाईच्या घरात भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ज्या खिळ्याला ते होतं त्याच खिळ्याला सहादूचा सदरा टांगलेला असायचा. सगळा बेत केला, जीप केली, साडीला फॉल लावला, आणि तिथीच बघायची राहिली. बायकाही सहलीच्या नादात विसरल्या होत्या. एकट्या कुसाबाईंना ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. सुंठीवाचून खोकला जात असेल तर त्या कशाला तोंड उघडतील?

“मी उतरते बाई,” एकजण म्हणाली. “एकादशीला पास्ता कसा खायचा?” मागोमाग दुसरीनं पिशवी उचलली.

लंकाबाई जीपच्या दारात आडवी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं. “थांबा! द्राक्ष उपासाला चालतं का नाय?”

“चालतं की,” सविता म्हणाली. ती नव्यानं सावडीत आलेली, तोंडाची फटकळ.

“बेदाणा चालतो का नाय?”

“चालतो.”

“मग त्याच्या रसानं काय कुणाचं घोडं मारलंय? आन् बटाटा तर जगाच्या पाठीवर कुठंबी मिळतो. भगर मी घेते. माझ्या पंगतीतून कुणी उपाशी उठणार नाय. नाथा, गाडी काढ!”

 खरं तर ह्या युक्तिवादाला उत्तर सुचावं असं कुणाला वाटतही नव्हतं; पावडर लावून परत चुलीपाशी कोण जातं? उठलेल्या दोघी खाली बसल्या. जीप निघाली. वाटेत एका दुकानातून लंकाबाईनं भगर घेतली. कुसाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

वायनरीत हर्षलला उपवास म्हटल्यावर घाम फुटला. पण तिथला आचारी जवळच्याच हरसूलकडचा, त्यानं भगर बघितली आणि नुसता हसला. शेंगदाणे होते, दही होतं, हिरवी मिरची होती. सविता आणि अजून दोघी सरळ भटारखान्यात शिरल्या. बाकीच्यांनी टाक्या बघितल्या. घरापेक्षा उंच, आरशासारख्या चकचकीत टाक्या. एकीनं त्यात बघून केस सारखे केले. हर्षल सांगत होता, रस आंबवताना त्यात खमीर घालतात आणि मग... लंकाबाईनं त्याच्याकडे असे डोळे वटारले की खमिराचा विषय तिथंच संपला.

“काकू, तुमची द्राक्षं ह्या टाकीत आहेत,” तो म्हणाला. “वाइन अजून तयार नाही, कच्ची आहे. पण चव घेता येईल.” त्यानं तोटी उघडून एका काचेच्या भांड्यात थोडी काढली. गडद जांभळी. लंकाबाई बघतच राहिली. तीन वर्षं तिनं ह्या वेलींना पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, आणि त्यांचं पुढं काय होतं हे तिला कुणीच दाखवलं नव्हतं.

गच्चीत टेबलं जोडून पंगत मांडली. खाली धरणाचं पाणी, वर चैत्राचं ऊन. पांढऱ्या मोठ्या बशांमध्ये भगर, आमटी, बटाट्याची भाजी. प्रत्येकीपुढं एक काचेचा पेला, तळाला दोन घोट. वास शेंगदाण्याच्या आमटीचा, थेट घरच्यासारखा.

सावडीच्या पंगतीची एक रीत होती. वयानं मोठी असेल तिनं पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. सगळ्यांनी कुसाबाईंकडं पाहिलं.

कुसाबाईंनी बशी हातानं पुढं सारली. “मी आज निर्जळी करणार हाय. पाणीबी नाय घ्यायची. तुम्ही जेवा.”

जेवा म्हणे! मोठीनं घास घेतला नाही तर बाकीच्या जेवणार कशा? रीत मोडायची हिंमत कुणात होती? भगरीवरची वाफ विरत चालली. बायका मांडीवर हात ठेवून खाली बघत बसल्या. लंकाबाईला कळून चुकलं की हा शेवटचा डाव आहे. आज पंगत अशीच उठली तर उद्या गावात एवढंच सांगितलं जाईल, की लंकीच्या पंगतीला कुणी शिवलं नाही.

तिच्या मनात आलं, आक्कांच्या पाया पडावं. लग्न होऊन आल्यापासून ती पाया पडतच आली होती. मग तिच्या मनात आलं, पुरे झालं.

“आक्कांचा उपास हाय, तर पहिला घास यजमानीण घेईल,” ती म्हणाली. “माझा मळा, माझं वर्ष, माझा घास.” तिनं भगरीचा घास तोंडात घातला. मग पेला उचलला आणि घटकन एक घोट घेतला.

तोंड असं वेडंवाकडं झालं की सविता खुदकन हसली.

“लय आंबट हाय गं,” लंकाबाई डोळे पुसत म्हणाली. “पर माझी हाय.”

सवितानं पेला उचलला. मग सरितानं नुसता वास घेतला आणि भगरीला हात घातला. मग कोण कुणासाठी थांबतंय? बायका जेवू लागल्या, दोनदा मागून घेऊ लागल्या. कुणी घोट घेतला, कुणी पेला शेजारणीकडं सरकवला. नुसता आवाज चालला होता, लग्नघरासारखा.

कुसाबाई एकट्या कठड्यापाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. निर्जळी सगळ्यांसमोर बोलून बसल्या, आता मागं घेणार कशा? ऊन डोक्यावर आलं. त्या सारख्या ओठांवरून जीभ फिरवत होत्या. शेवटी त्यांनी जिला हाक मारली ती लंकाबाईच होती.

“लंके,” त्या हळूच म्हणाल्या, “पाणी दे गं जरा.”

लंकाबाईनं घरून आणलेला तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. तहानलेल्याला पाणी अडवू नये, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तरी तिनं तांब्या हातातच धरला. बायकांचे हात घासासकट थांबले.

“देते की,” ती म्हणाली. “आधी म्हणा, इथून पुढं सावडीत कुणाचंबी वर्ष वगळायचं नाय.”

“पाप लागंल तुला.”

“लागू द्या. तेबी माझंच.”

कुसाबाईंनी तांब्याकडं पाहिलं, मग पंगतीकडं. एकही बाई त्यांच्या मदतीला उठली नाही. त्यांनी मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटल्या.

“मोठ्यानं म्हणा, आक्का,” लंकाबाई म्हणाली. “त्या टोकाला ऐकू नाय गेलं.”