अकरा सेकंद आणि एक चमचा

जेवून तो खुर्चीत टेकला, की हातातला चमचा खाली पडायला अकरा सेकंद लागत. बायकोने तीन दुपारी मोजले होते. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एकाच मोजणीवर तिचा विश्वास नसे.

आजही चमचा खणकन वाजला. तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर; दचकून सावरला.

"झोपलो नव्हतो हं. विचार करत होतो."

"घोरत?"

नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम शाळेने त्याला वर्षापूर्वीच देऊ केलं होतं. अट एकच, इंग्रजीतून छोटी मुलाखत. तो दर महिन्याला "बघू" म्हणायचा, आणि ती चमचा उचलून ठेवायची. त्याने स्टिअरिंग सोडावं, म्हणून तिने आता मुलाखतीसाठी इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्याच लिहून काढल्या होत्या.

"नॉड ऑफ, डोझ ऑफ, स्विच ऑफ..." त्याने डुलकीच्या शब्दांची चिठ्ठी वाचली. "सगळंच ऑफ! एखादं तरी ऑन ठेवायचं की."

"चेष्टा पुरे. मी साहेब. सांगा, रोज काय काम करता?"

त्याने कॉलर नीट केली. "एव्हरी डे आय ड्रॉप ऑफ, विथ फॉर्टी चिल्ड्रन."

ती हसून हसून टेबलावर वाकली. "अहो, मुलांना ड्रॉप ऑफ करणं म्हणजे सोडणं. नुसतं 'आय ड्रॉप ऑफ' म्हणजे मला झोप लागते! चाळीस पोरं घेऊन रोज झोपता, असं सांगितलंत तुम्ही साहेबाला."

तोही खो खो हसला. मग त्याचं हसू आधी थांबलं. त्याने वाकून चमचा उचलला, पुसला.

"रोज नाही गं. एकदाच. मंगळवारी, सिग्नलला. बस उभीच होती. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा जाग आली. मुलं गात होती, कुणाला कळलंही नाही."

किती सेकंद, हे तिने विचारलं नाही.

"चौदा वर्षं पोरं मला बसकाका म्हणतात," तो म्हणाला. "वर्गात उभा राहिलो तर काका कोण म्हणणार?"

"काका काय बसला नटबोल्टने बसवलेत?"

त्याला हसू फुटलं. घड्याळात दोन वाजले होते; अडीचला फेरी. त्याने शाळेत फोन लावला.

"सर, दुपारच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर बघा. मुलाखत केव्हाही घ्या. मी बस सोडतोय."