दगडावरची होनोरीन

पॅरिसच्या त्या गल्लीत दर शनिवारी दगडावरून चित्रं छापणाऱ्या शिळाछापखान्याच्या काचेपुढे मोठी गर्दी जमायची. नवी चित्रं फुकटात बघायला कोणाचं काय जातंय! त्या शनिवारी होनोरीन परटीण टोपली घेऊन तिथून निघाली, तर गर्दी वळून तिलाच हसली. काचेत तिचंच चित्र होतं, गालावरच्या तिळासकट. मालकिणीची लेसची शाल मिरवत परटीण नाचायला निघालेली.

धुण्याला आलेला कपडा अंगावर चढवणं म्हणजे परटिणीनं चोरी केल्यातच जमा. होनोरीननं जन्मात परक्याचा रुमालही वापरला नव्हता. पण सोमवारी दोन घरांनी तिला कपडेच दिले नाहीत आणि तिसऱ्या घरच्या बाईनं तिच्यादेखत उशांचे अभ्रे मोजले. तिचं पित्त खवळलं.

ती तडक छापखान्याचा मालक बार्दू याच्याकडे गेली; त्याचे कपडेही तीच धुवायची. चित्रातली बाई कोणीही असेल, तो गोड बोलला, शिवाय चित्र खपतंय झकास.

"मग तुमचे शर्ट तुमचे तुम्ही धुवा, मालक."

तो हसला.

नदीकाठी बांधून ठेवलेल्या धुण्याच्या नावेत इतर परटिणींनी आधी तिची यथेच्छ टर उडवली. मग बाह्या सरसावल्या, कारण चिखल सगळ्यांवरच उडाला होता. बार्दूचं गाठोडं कोणीच घेईना. त्याच्या बायकोनं स्वतः धुऊन पाहिलं, तर शाई मनगटावरून गळपट्टीपर्यंत पसरली. मळक्या गळपट्टीनं तो गिऱ्हाइकांपुढे उभा राहू लागला आणि काचेपुढची गर्दी चित्र सोडून त्यालाच हसू लागली.

अखेर त्यानं होनोरीनला बोलावून चित्र काचेतून काढलं.

"आणि दगड?" तिनं विचारलं. दगडावर चित्र आहे तोवर उद्या आणखी शंभर छापता येतील, हे तिला ठाऊक होतं. कारागीर घासून टाकेल, तो म्हणाला.

"मीच घासते."

वाळू, पाणी आणि वरून दुसरा दगड. छापताना डावं-उजवं बदलतं, म्हणून दगडावर ती अगदी आरशातल्यासारखी दिसत होती. किती सुरेख काढली होती त्या चित्रकार मेल्यानं! आधी तिनं शाल घासून काढली. उरला तो नुसता चेहरा.

"आता राहू दे की, बाई," बार्दू मागून म्हणाला. "शाल गेली. चेहराच छापू, छान दिसतोय."

होनोरीन थबकली. पुन्हा तिचं चित्र कोण कशाला काढणार होतं? तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं.

मग तिनं मूठभर वाळू चेहऱ्यावर टाकली आणि तीळ पुसला जाईपर्यंत घासत राहिली.

"आणा तुमचे शर्ट," ती म्हणाली.